शाळेत टीव्ही आला. पण विज्ञान डोक्यात शिरलं का?

जालना : झेडपीच्या शाळेत स्मार्ट टीव्ही बसला की नारळ फुटतो, फोटो गावाच्या ग्रुपवर पडतात. सहा महिन्यांनी तो टीव्ही चालू आहे का, त्यावर पोरं काय शिकली, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

साधनांची तशी कमी नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' ॲपवर धड्याचं साहित्य उघडतं. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं 'फेट' फुकट आहे, मराठीतही आहे. एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं. शाळेत प्रयोगशाळा नसली तरी बॅटरी, वायर, बल्ब जोडून सर्किट कसं चालतं, हे पोरगं स्क्रीनवर स्वतः करून बघू शकतं.

पण खरी गोम पुढे आहे. स्क्रीनवर व्होल्टेज कमी केलं की करंटही कमी होतो. घरी मात्र बाप सांगतो, व्होल्टेज कमी आलं की विहिरीवरची मोटार जळते. मग खरं काय? दोन्ही खरं. साध्या रोधाला व्होल्टेज कमी मिळालं की करंट घटतो. मोटारीवर मात्र पाणी उपसायचा भार तोच राहतो, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि तापते. हे ॲप आपणहून सांगत नाही, शिक्षक सांगतो. पोरानं प्रश्न विचारला, तिथंच विज्ञान सुरू झालं.

नुसत्या यंत्रानं निकाल सुधारत नाही, हे ओईसीडीच्या २०१५ च्या अहवालातही दिसलं. ज्या देशांनी शाळेतल्या संगणकांवर भरपूर खर्च केला, तिथं वाचन, गणित, विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नाही. 'असर' २०२४ नुसार देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ७६ टक्क्यांनी आठवड्याभरात सोशल मीडिया पाहिला, अभ्यासासाठी फोन वापरला ५७ टक्क्यांनी.

दुसरी अडचण पैशाची. समग्र शिक्षाच्या निकषात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान आहे. म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. त्यातच लाइट बिल, खडू, स्वच्छता, दुरुस्ती. टीव्ही बिघडला तर मेकॅनिकला द्यायचं कुठून? २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅबची घोषणा झाली. लॅब येईल, पण तिच्या देखभालीचा प्रश्न हाच राहणार.

मार्ग गावाच्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी तीनच प्रश्न विचारावेत : या महिन्यात टीव्ही किती दिवस चालला? कोणत्या धड्याला वापरला? आणि गुरुजींना तो वापरायचं प्रशिक्षण मिळालं का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. तोंडी बोललेलं पुढच्या बैठकीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.