साडेबाराचे सव्वाशे

मागच्या उन्हाळ्यात आई दादाकडे न्यू जर्सीला गेली. पंधरा दिवसांतच तिला डॉक्टरांना दाखवायची वेळ आली आणि तिथल्या दवाखान्यातून निरोप आला, जुने कागद फॅक्सनं पाठवा. आमची लेक खो खो हसली. "बाबा, फॅक्स? अजून असतो?" असतो गं बाई. अमेरिकेत कितीतरी दवाखाने अजून तोच मागतात. घरी मशीन लागत नाही, स्कॅन केलेली फाइल ऑनलाइन सेवेतून जाते.

मी वडोदऱ्याहून सगळे कागद धाडले आणि निवांत झालो. रात्री दादाचा फोन. तिथल्या नर्सबाई विचारताहेत, थायरॉइडची गोळी सव्वाशे मायक्रोग्रॅमची ना? माझ्या पोटात गोळा आला. आईची गोळी साडेबाराची! चिठ्ठीवर निळ्या पेनानं 12.5 लिहिलेलं, त्यातलं टिंब वाटेत गळालं होतं. आणि गोळ्या दोन्ही मापांच्या मिळतात. त्या बाईंनी विचारलं नसतं तर?

मला कळेना, कारण मी तर 600 डीपीआयवर छान रंगीत स्कॅन केलं होतं. चूक तीच. नेहमीच्या फॅक्सला रंग कळत नाही, प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. फिकट निळी शाई पांढऱ्यात जमा होते. त्यात मी सेवेतली गुणवत्ता ‘स्टँडर्ड’वरच ठेवली होती. त्यात इंचाला आडवे 204 ठिपके असतात, पण वरून खाली ओळी फक्त 98, म्हणजे मिलिमीटरला चारही नाहीत. पेनाचं टिंब ते केवढं! ‘फाइन’मध्ये ओळी दुप्पट होतात, 196. पान जायला वेळ जास्त लागतो, लागू दे.

दुसऱ्यांदा लेकीला शेजारी बसवलं. स्कॅन काळं-पांढरं, ‘टेक्स्ट’वर, 200 डीपीआय. गडदपणा वाढवला तर टिंब आलं, पण कागदाच्या घड्याही काळ्या रेघा होऊन आल्या आणि मागच्या बाजूचा शिक्काही उमटला. एक घर मागे घेतलं. लेक म्हणाली, ‘फोटो’वर करून बघू. केलं. त्यानं करड्या छटांचे ठिपके पाडले आणि अक्षरांना जणू गोवर आला. तो पर्याय फोटोसाठीच ठेवा. मग पडद्यावर पान मोठं करून प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला. चिठ्ठीखाली जाड काळ्या पेनानं तो डोस इंग्रजीत अक्षरीही लिहिला आणि ‘फाइन’वर पाठवला.

या वेळी तिकडून साडेबाराच ऐकू आलं. आईला सगळी हकिगत सांगितली, तर ती म्हणते, "अरे, गोळ्यांची बाटली माझ्या पर्समध्येच होती की. मला कोणी विचारलंच नाही."