ऑर्गन, सॅक्सोफोन आणि मंडईची रात्र

शुक्रवारी ऑफिसातून आलं, की हेडफोन लावायचे आणि जिमी स्मिथ! त्याचा ‘बॅक अ‍ॅट द चिकन शॅक’ १९६० मध्ये रेकॉर्ड झाला, बाजारात आला १९६३ साली. यात बास वाजवणारा वेगळा कुणी नाही, ते कामही स्मिथच्या हॅमंड ऑर्गनचंच. वर स्टॅन्ली टरेंटाइनचा टेनर सॅक्सोफोन, निवांत गप्पा मारल्यासारखा. तो श्वास घ्यायला थांबला, की ऑर्गन हळूच आत शिरतो.

मला मात्र हा ऑर्गन थेट गोंदिया जिल्ह्यात नेतो, अर्जुनी मोरगावकडे. दिवाळीनंतरची मंडई, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक, सोबतीला ऑर्गन आणि तबला. नटाच्या डोळ्यांत पाणी येणार, हे ऑर्गनवाल्याला आमच्या आधी कळायचं!

झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा जाम भारी वाटलं. पण अख्खी रात्र सांभाळणाऱ्या त्या ऑर्गनवाल्याचं माझ्याकडे एकही रेकॉर्डिंग नाही. नावसुद्धा कधी विचारलं नाही. टरेंटाइनचं तेवढं पाठ!

यंदा मंडईला जाणार. तुम्हीही गावी गेलात तर सेल्फी झाल्यावर रेकॉर्डचं बटण दाबा. आणि हो, आधी नाव विचारा.