टाकीवर तिचे माप लिहा

कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात तिथे अमोघवर्षाचे राज्य असताना जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ग्रंथाच्या आरंभी या राजाचे गुणगान आहे. त्यात खोदकामाच्या घनफळाला स्वतंत्र प्रकरण आहे, नळांनी हौद किती वेळात भरेल याचेही गणित आहे. वर्तुळाचा परीघ ढोबळ हवा तर व्यासाची तिप्पट करा, सूक्ष्म हवा तर व्यासाला 10 च्या वर्गमुळाने गुणा, असे आचार्य सांगतात. पुढे 1150 च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी 3927 भागिले 1250, म्हणजे 3.1416, इतके नेमके गुणोत्तर दिले.

हा फरक नुसता कागदावरचा नव्हे. आतून 4 मीटर व्यासाची, 4 मीटर उंचीची गोल टाकी घ्या. त्रिज्येचा वर्ग 4, गुणिले 3.1416, गुणिले उंची 4. झाले ते घनमीटर; लिटरमध्ये सुमारे 50,265. ढोबळ 3 धरले तर 48,000 च भरतात. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर. म्हणजे एका ढोबळ आकड्यापायी 41 माणसांचे दिवसाचे पाणी हिशेबातून गळते. महावीराचार्यांच्या सूक्ष्म रीतीने उत्तर 331 लिटर जास्त येते. चूक सहा माणसांच्या पाण्याएवढी उरते.

नळाचेही तसेच. एक इंचीऐवजी अर्धा इंची नळ टाकला की लांबी तीच राहूनही आत मावणारे पाणी निम्मे नाही, चौथाई होते. ज्याच्या दारात असा नळ येतो, त्याला हे आधी कळायला हवे.

बिदरच्या बहमनी काळातल्या कारेझांनी, म्हणजे जमिनीखालून नेलेल्या सुरंगबावींनी, केवळ उताराच्या बळावर पाणी शहराजवळ आणले. उताराचे माप चुकले असते तर ते पाणी वाटेतच अडले असते. या मुलखात पाणी आणि मोजमाप अशी शतकानुशतके जोडीने चालली.

आज भालकी, औराद, आळंदच्या गावांत टंचाई आली की वाद आवाजावर चालतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: प्रत्येक सार्वजनिक टाकीवर आतला व्यास, उंची आणि लिटर ठळक रंगवा, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी लावा, आणि शाळेतल्या मुलांकडून ते माप दरवर्षी तपासून घ्या. आकडा कन्नड घरालाही कळतो, मराठी घरालाही. वाटणीचे भांडण मिटवायचे तर आधी वाटायचे किती आहे ते सर्वांसमोर मांडले पाहिजे.