डोमेन आहे, तरी पोरगा धावतो

मंडळी, या विकांताचा लेख जरा खरमरीत आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय म्हटला तर एकदम रुक्ष: हापिसातल्या पन्नास-साठ संगणकांवर वर्ड-एक्सेल टाकायचं कसं? "त्यात काय लिहायचंय? आयटीवाला येतो आणि टाकून जातो!" असं तुमच्या मनात आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

मी राहतो त्या द्रोणागिरीत जिकडे बघाल तिकडे कंटेनर. न्हावा-शेव्याचं बंदर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सीएफएस, गोदामं, कस्टम्स एजंटांची हापिसं यांची रांग लागलेली. या हापिसांत सर्व्हर असतो, डोमेनही असतं. सकाळी आल्यावर सगळे डोमेनवरच लॉगिन करतात. पण नवीन ऑफिस टाकायची वेळ आली की एएमसीवाल्याचा पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. "मॅडम, दहा मिनिटं उठता का?" मॅडम उठतात, दहाची चाळीस मिनिटं होतात, गेटवर ट्रकवाला बोंबलत असतो. असे साठ टेबलं, म्हणजे पोराचा आठवडा गेला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट संपला. विंडोज १० चाही त्याच दिवशी संपला. म्हणजे पोरांच्या पायाला पुन्हा भिंगरी लागली!

माझं म्हणणं सरळ आहे. डोमेन असूनही जे हापिस पोराला धावायला लावतं, ते आपली सर्वांत मोठी किल्ली स्वतःच्या हाताने गावभर वाटत असतं.

कशी, ते सांगतो. सॉफ्टवेअर टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. पोराकडे वेगळं खातं कुणी दिलेलं नसतं, म्हणून तो थेट डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड वापरतो, म्हणजे सगळ्या मशिनांवर चालणारी एकच किल्ली. तो पासवर्ड टाकला की त्याचा माग त्या मशिनच्या मेमरीत राहतो. पोराने लॉगऑफ न करता नुसती खुर्ची सोडली तर तो तिथेच बसून असतो. विंडोज ७ मध्ये तर पासवर्ड सरळ वाचता येईल अशा रूपात काढता यायचा. तो काढायचं मिमिकॅट्झ नावाचं हत्यार २०११ पासून महाजालावर फुकट मिळतंय. आता साठ मशिनांपैकी एका मशिनवर कुणी फालतू अटॅचमेंट उघडली, की चोराला एक संगणक मिळत नाही, अख्खं हापिस मिळतं. साठ गोदामांची एकच किल्ली करायची आणि प्रत्येक गोदामाच्या पायपुसण्याखाली तिची एकेक प्रत ठेवायची, असला हा कारभार!

"हे सगळं पुस्तकी आहे हो..." असं म्हणणाऱ्यांनी २७ जून २०१७ ही तारीख आठवावी. त्या दिवशी नॉटपेट्या नावाच्या किड्याने जगभरात धुमाकूळ घातला आणि आपल्या शेजारचं, जेएनपीटीमधलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. कारण ते मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं, आणि मर्स्कचं जाळं जगभर एकमेकांत गुंतलेलं.

आता गंमत बघा (गंमत कसली, डोकं धरायची पाळी). वायर्ड मासिकात अँडी ग्रीनबर्गने २०१८ मध्ये ही सगळी हकीकत लिहिली. युक्रेनमधल्या ओडेसा शहरात मर्स्कच्या हापिसातल्या एका वित्त अधिकाऱ्याने आयटीला सांगून आपल्या एका मशिनवर एम-ई-डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. एका माणसाच्या एका मशिनवर, बस्स. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष कालवलं होतं. पुढे किडा पसरला तो दोन वाटांनी. एक वाट विंडोजच्या भोकाची. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. दुसरी वाट मेमरीतून चोरलेल्या पासवर्डांची. त्यामुळे पॅच मारलेली मशिनंसुद्धा आडवी झाली. किडा अ‍ॅडमिन बनून हक्काने आत शिरत होता, त्याला अडवणार कोण?

मर्स्कचे अध्यक्ष स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला आकडे सांगितले: १० दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अ‍ॅप्लिकेशन्स नव्याने उभी करावी लागली. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. ग्रीनबर्ग लिहितो की डोमेन कंट्रोलर जवळपास दीडशे होते आणि ते सगळे पुसले गेले. वाचला फक्त घानामधला, कारण तिथे नेमकी वीज गेलेली होती! एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं म्हणायचं.

ग्रुप पॉलिसी असती तर हे टळलं असतं, असा माझा दावा नाही. विषारी अपडेट तिलाही चुकवता आलं नसतं. पण एका मशिनवरची आग साऱ्या चाळीला लागली ती जागोजागी पडलेल्या किल्ल्यांमुळे. आणि त्या किल्ल्या कमी करणं आपल्या हातात आहे.

आता ग्रुप पॉलिसी काय करते? ती विंडोज २००० पासून आहे, म्हणजे पाव शतक झालं. तुम्ही सर्व्हरवर एकदा नियम लिहायचा, डोमेनमधली मशिनं तो आपणहून वाचतात. ऑफिस २००३ च्या काळात एका सामायिक फोल्डरमध्ये एमएसआय ठेवायची, आपल्या बदलांची एमएसटी फाइल जोडायची, की मशिन सुरू होताना ऑफिस बसायचं. पुढे ऑफिसची घडण बदलली, एमएसआयचा तो सोपा रस्ता बंद झाला. तेव्हापासून बरेच अ‍ॅडमिन "आता ग्रुप पॉलिसीने जमत नाही" म्हणून हात झटकून बसलेत. जमतं! ऑफिस डिप्लॉयमेंट टूल फुकट आहे. त्याने सगळ्या फाइली एकदाच सर्व्हरवर उतरवायच्या. काय टाकायचं, काय वगळायचं ते एका एक्सएमएल फाइलीत लिहायचं. मग मशिन सुरू होताना चालणारी छोटी स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीत अडकवायची. स्क्रिप्ट आधी बघते, ऑफिस आहे का? असेल तर गप्प बसते, नसेल तर टाकते. तिला त्या फोल्डरचा वाचायचा अधिकार डोमेनमधल्या मशिनांना द्यावा लागतो, माणसांना नाही.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. ही स्क्रिप्ट मशिनच्या स्वतःच्या सिस्टम खात्याने चालते. साठपैकी एकाही टेबलावर कुणीही अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाइप करत नाही. जो पासवर्ड टाइपच झाला नाही, तो चोरणार कुठून?

सोमवारी सकाळी साठ मशिनं एकदम सुरू होऊन नेटवर्क झोपेल ही भीती खरी आहे. म्हणून आधी अकाउंट्सची पाच मशिनं, मग डॉक्युमेंटेशन, मग गेट. आणि हो, त्याच एक्सएमएल फाइलीत इंग्रजीच्या जोडीला मराठीचा भाषासंचही मागता येतो. "आमच्या वर्डमध्ये मराठी नीट चालत नाही" ही रडगाणी एका ओळीत थांबतील.

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: "हॅकर ग्रुप पॉलिसीनेच व्हायरस पसरवतात." बरोबर! लॉकबिट २.० ने २०२१ मध्ये अगदी हेच केलं. पण त्यासाठी त्यांना आधी डोमेन अ‍ॅडमिन व्हावं लागतं, आणि ती किल्ली त्यांना कुठे सापडते ते वर लिहिलंच आहे. दुसरा: "डीएससीचा टोकन ड्रायव्हर, साइन करायची युटिलिटी, सगळ्यांना अ‍ॅडमिन लागतो." टाकताना लागतो, रोज वापरताना सहसा नाही. तेवढ्यासाठी वर्षभर सगळ्यांना लोकल अ‍ॅडमिन करून ठेवणं म्हणजे गॅस सिलिंडरवाला महिन्यातून एकदा येतो म्हणून दार कायम उघडं ठेवणं. तिसरा: "आमच्या सगळ्या मशिनांचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड एकच आहे, सोपं पडतं." चोरालाही सोपंच पडतं हो. प्रत्येक मशिनला वेगळा पासवर्ड देणारं लॅप्स मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये दिलं आणि २०२३ पासून ते विंडोजमध्येच येतं.

चौथा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही: ऑफिसच्या तीस प्रती विकतच्या आणि तीस "जुगाडाच्या" असतात. ग्रुप पॉलिसी आली की मोजणी आली, आणि मोजणी आली की बिल आलं. पोरगा धावतो तोवर कुणाला मोजावं लागत नाही!

खरं दुखणं तर एएमसीच्या करारातच आहे. तिथे काम मोजतात ते किती कॉल बंद केले त्यावर. साठ टेबलांवर ऑफिस टाकलं तर साठ कॉल. ग्रुप पॉलिसीने टाकलं तर एक. मग कंत्राटदार कशाला शिकवेल पोराला? उरण-पनवेलची ही पोरं बीएस्सी आयटी करून येतात आणि दोन-तीन वर्षं नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश करत फिरतात. डोमेन कंट्रोलरला हात लावू देत नाहीत त्यांना, पासवर्ड मात्र खुशाल देतात. "विश्वासाचा आहे" म्हणे! विश्वास असेल तर त्याला पॉलिसी लिहायला बसवा. नसेल तर किल्ली काढून घ्या. दोन्ही एकदम कसं चालेल?

तेव्हा, तुमच्याकडे आयटीचा कारभार असेल तर एवढंच करा. पुढच्या करारात "कॉल किती" खोडून "कुठल्याही टेबलावर डोमेन अ‍ॅडमिनचं लॉगिन शून्य" असं लिहा. आणि कारभार नसेल तर पुढच्या वेळी तुमच्या खुर्चीत बसून कुणी पासवर्ड टाइप करायला लागला, की नम्रपणे विचारा, "भाऊ, हा पासवर्ड फक्त माझ्याच मशिनचा ना?"

तो गप्प बसला, तर समजून जा. आणि त्याच्यावर चिडू नका, त्याला तिथे पाठवणाऱ्याला मेल टाका.