पेडल काय सांगतंय?

मुलांनो, सायकलवरून उतार उतरताना ब्रेक दाबला आणि लिव्हर नुसतीच मुठीत आली तर? पोटात गोळाच येईल, नाही का! आता कल्पना करा, सायकलच्या जागी दीड टनाहून जड ट्रक आहे.

अमेरिकेत जुन्या गाड्या जपण्याची हौस असलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांचा एक आवडता ट्रक म्हणजे शेवरोले सी-१०. पुढे छोटी केबिन, मागे उघडा हौदा. १९६६ सालच्या ट्रकला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीनं पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. म्हणून जुन्या ट्रकचे मालक पुढचे ड्रम काढून तिथं डिस्क बसवतात आणि जोडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही लावतात. काम संपतं, मोठ्या उत्साहानं ब्रेक दाबला जातो... आणि ट्रक धड थांबतच नाही! सगळे भाग नवे कोरे, मग दोष कुठं? चला, आज आपण गुप्तहेर होऊ या.

आधी ओळख करून घेऊ. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. ब्रेक दाबला की आतले दोन शू बाहेर सरकून डब्याला आतून घासतात. डिस्क म्हणजे फिरणारी लोखंडी थाळी. कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी धरतो. सायकलच्या ब्रेकचे रबर रिमला धरतात ना, अगदी तसाच. थाळी उघड्यावर असते, म्हणून लवकर थंड होते. पण एक फरक आहे. ड्रम फिरताना शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे शू आपोआप जास्त घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत मिळत नाही. तिला जास्त दाब लागतो. म्हणून तर बूस्टर!

पायाचा जोर चाकापर्यंत नेतं कोण? ब्रेक ऑइल. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळ्यांतून चाकांकडे ढकललं जातं. हे घरी करून पाहा. सुई नसलेल्या, न वापरलेल्या दोन सिरिंज घ्या. बारीक नळीनं जोडा आणि आत पाणी भरा. एक दांडा दाबला की दुसरा लगेच बाहेर येतो. आता आत मोठा बुडबुडा राहू द्या. दांडा दाबताना स्पंजासारखा मऊ लागतो आणि दुसरा आळसावतो. पाणी जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. तुमचा जोर बुडबुड्यानंच खाऊन टाकला!

आता ट्रककडे. मेकॅनिक डॉक्टरसारखा आधी पेडलला विचारतो, ‘तुला काय होतंय?’

पहिलं उत्तर : ‘मी मऊ लागतो.’ म्हणजे तेलात हवा आहे. चाकापाशी असलेलं छोटं निपल सैल करून बुडबुडे बाहेर काढायचे, बहुतेक वेळा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. कितीही हवा काढली तरी पेडल मऊच राहिलं तर निपल कुठं आहे ते पाहायचं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला तर निपल खाली येतं. बुडबुडा तर नेहमी वर जाऊन बसतो. मग तो खालच्या दारानं कसा निघणार?

दुसरं उत्तर : ‘मी दगडासारखा कडक आहे, पण ट्रक थांबत नाही.’ इथं संशय बूस्टरवर. बूस्टरच्या डब्यात मधोमध पडदा असतो. पेट्रोल इंजिन एका बाजूची हवा ओढून घेतं आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूची हवा पडद्याला ढकलते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. इंजिननं ६० टक्के हवा ओढली, तरी जवळजवळ १९० किलोंची मदत! परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर हवेची नळी, तिची एकमार्गी झडप आणि इंजिनची ओढ तपासायची.

तिसरं उत्तर : ‘पाय काढला तरी चाक जखडलेलं आहे.’ चाक तापतं, करपट वास येतो. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये पुष्कळदा एक छोटी झडप असते. ती नळीत थोडा दाब मुद्दाम राखते. ड्रममध्ये शू मागे खेचायला स्प्रिंग असते, म्हणून तिथं हा दाब चालतो. कॅलिपरला तशी स्प्रिंग नसते, मग तो थाळी सोडत नाही. दुसरं कारण म्हणजे बूस्टरचा दांडा जरासा लांब असणं. मग तेलाची परतीची वाट अडते.

चौथं उत्तर : ‘जोरात दाबलं की मागची चाकं आधी घसरतात.’ ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढं झुकतं. रिकामा हौदा आणखी हलका होतो. म्हणून मागच्या चाकांचा दाब आवरणारी वेगळी झडप लागते. ती नसेल किंवा नीट जुळवलेली नसेल, तर ट्रक आडवा होऊ शकतो.

पाहिलंत? दोष बहुधा नव्या डिस्कमध्ये नसतोच. चाकापाशी बदल केला, पण बाकीचं कुटुंब जुन्याच सवयीनं वागत राहिलं. घाबरून चार भाग एकदम बदलले आणि ट्रक थांबला, तरी कशामुळे ते कळत नाही. म्हणून नियम असा : आधी लक्षण, मग संशय, मग परीक्षा. एका वेळी एकच बदल. गणित चुकलं तर तुम्हीसुद्धा पानभर खोडू नका. चुकीची पायरी शोधा. आणि ब्रेक दुरुस्त झाला असं वाटलं, तरी पहिली चाचणी मोकळ्या जागी, अगदी हळू.

एक सांगून ठेवते. सिरिंजचा प्रयोग खुशाल करा, पण घरच्या गाडीचा ब्रेक मुळीच खोलू नका. ते काम जाणत्या मेकॅनिकचं. आईबाबांनी मात्र पेडल मऊ लागलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, बरं का!

आता तुमच्यासाठी कोडं. आपल्या ट्रकचं पेडल पहिल्यांदा खोल जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर येतं आणि छान कडक लागतं. चारही चाकांतून एकही बुडबुडा निघत नाही. दोष कुठं असेल? विचार करा : मागं अजून ड्रमच आहेत, आणि शू ड्रमपासून किती लांब आहेत? उत्तर पुढच्या अंकात!