भविष्यवाणी आणि परीक्षा

महाबळेश्वर क्षेत्रीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पांच नद्यांच्या धारा वाहातात. दर बारा वर्षांनीं कन्यागताच्या पर्वांत तेथें भागीरथीहि प्रकट होते असें क्षेत्रस्थ मंडळी सांगतात, आणि भाविक लोक स्नानास गर्दी करतात. तेथून दीड कोसावर माल्कमपेठ. तेथें अमेरिकन मिशनचे पाद्री ॲलन ग्रेव्हज राहात असत. बायबलाच्या मराठी भाषांतराच्या कामीं खपून ते १८४३ सालीं याच डोंगरावर वारले. म्हणजे एकाच डोंगरावर दोन दावे उभे आहेत. एक म्हणतो, ईश्वर या पाण्यांत प्रकट होतो. दुसरा म्हणतो, ईश्वर या पुस्तकांत बोलला.

पहिल्या दाव्यावर आमच्या पक्षाच्या पत्रांनीं आजवर कोरडे ओढण्यांत कसूर केली नाहीं. मग दुसऱ्याविषयीं तुम्ही मुके कां, असा प्रश्न आम्हांस नेहमीं टाकण्यांत येतो. जोतीरावांवरहि पाद्र्यांचे हस्तक म्हणून आरोप झालाच होता. तेव्हां आज हा हिशेब उघड्यावर मांडूं. पुराणाला एक माप आणि बायबलाला दुसरें, असा व्यवहार सत्यशोधकास शोभत नाहीं.

प्रथम ख्रिस्ती बंधूंचें म्हणणें त्यांस न्याय देऊन सांगितलें पाहिजे. ते म्हणतात, मनुष्याच्या बुद्धीस उद्यांची गोष्ट दिसत नाहीं. ज्या ग्रंथांत शेंकडों वर्षांनंतरची गोष्ट आधीं लिहिलेली सांपडते, तो ग्रंथ मनुष्याच्या एकट्या बुद्धीचा नव्हे. मीखा संदेष्ट्यानें बेथलेहेम गांवाचें नांव घेतलें, आणि ख्रिस्त तेथें जन्मला. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत दुसऱ्यांच्या पापांसाठीं मार खाणाऱ्या, तोंड न उघडणाऱ्या सेवकाचें चित्र आहे, आणि ख्रिस्त तसाच वधस्तंभावर गेला. शिवाय अनेक शतकें, अनेक हातांनीं लिहिलेला हा ग्रंथ एकाच उद्धाराच्या गोष्टीकडे चालत जातो, हें त्यांस आपोआप घडलेलें वाटत नाहीं. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. बेळगांवचे बाबा पदमनजी १८५४ सालीं ख्रिस्ती झाले, ते कांहीं भाकरीच्या तुकड्यासाठीं नव्हे. ते वाचून, वाद करून, घरादाराचें दुःख सोसून गेले.

आतां परीक्षा. कोणत्याहि भविष्यवाणीस तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, लेख आधींचा कीं घटना आधींची? आपल्याकडील भविष्यपुराण पाहा. त्याच्या छापील प्रतींत ख्रिस्त आहे, महंमद आहे, इंग्रजांचें राज्यहि आहे. घडून गेलेलें मागाहून लिहून त्यास भविष्य म्हणावयाचें, ही युक्ति आम्ही ओळखून आहों. बायबलांतील दानीएलाच्या पुस्तकाविषयीं असाच संशय आहे. त्यांतील राजांच्या लढायांचा तपशील इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमारापर्यंत बिनचूक जुळतो आणि पुढें जुळेनासा होतो. म्हणून तें त्याच सुमारास लिहिलें गेलें असें पुष्कळ ख्रिस्ती पंडितहि मानतात. परंतु यशयाची गोष्ट वेगळी. १९४७ सालीं मृत समुद्राजवळच्या गुहेंत यशयाची संपूर्ण गुंडाळी सांपडली. ती ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी निदान शंभर वर्षें लिहिलेली आहे. म्हणजे तो अध्याय मागाहून घुसडला नाहीं. हा गुण ख्रिस्ती पक्षास दिलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न, अर्थ स्पष्ट आहे काय? येथें साक्षीदार आपल्याच घरचा आहे. कोंकणांतले बेने इस्राएल, ज्यांस आपले लोक शनिवार तेली म्हणत, तेहि यशयाला देवाचा संदेष्टा मानतात. डॉ. विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून इब्री भाषेचें व्याकरण लिहिलें. मिशनऱ्यांनीं या लोकांच्या मुलांस शाळा घालून शिकविलें. तरी पुस्तक तेंच, भाषा तीच, आणि बेने इस्राएल बहुतेक सारे यहुदीच राहिले. कां? दुःख सोसणारा सेवक म्हणजे खुद्द इस्राएल राष्ट्र, असा यहुद्यांचा अर्थ. आणि त्याच यशयाच्या एकुणपन्नासाव्या अध्यायांत सेवकास इस्राएल म्हटलेंहि आहे. ज्या वाणीचे दोन प्रामाणिक वाचक दोन अर्थ करतात, ती श्रद्धावानास आधार देईल, पण न मानणाऱ्याचें तोंड बंद करूं शकणार नाहीं.

तिसरा प्रश्न, घटना मुद्दाम जुळविलेली नाहीं ना? राजा गाढवावर बसून येईल हें जखऱ्याचें वचन ज्यास पाठ आहे, तो गाढव मागवूंहि शकतो. बेथलेहेमांत जन्मणें कोणाच्या हातीं नाहीं हें खरें. पण तो जन्म सांगणारेहि तें वचन जाणणारे व मानणारेच होते.

तर आमचा निकाल असा. भविष्यवाणीच्या पुराव्यानें ख्रिस्ती धर्म खोटा ठरत नाहीं, आणि ईश्वरप्रणीतहि सिद्ध होत नाहीं. मग शहाणीं माणसें त्याकडे गेलीं कशानें? नारायण वामन टिळकांची हकीकत याचें उत्तर देते. १८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकित केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. भाकित खरें झालें! पण टिळक कांहीं त्या भाकितानें वळले नाहींत. आरंभीं तें पुस्तक त्यांस गोडहि लागलें नव्हतें. डोंगरावरच्या प्रवचनापाशीं ते आले आणि तेथेंच अडकले. शत्रूवरहि प्रीति करा, या शिकवणीनें तो माणूस जिंकला. हेच टिळक १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून साताऱ्यास राहिले आणि त्यांनीं बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठीं देवाचा दरबार मांडला. भविष्य जुळलें म्हणून कोणी आपली जोडलेली भाकर सोडीत नाहीं. हृदय पालटलें म्हणजे सोडतो.

जोतीरावांनीं नेमकें हेंच ओळखलें होतें. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, ख्रिस्ताच्या दयेची त्यांनीं थोरवी गायिली, तरी ख्रिस्ती झाले नाहींत. १८९१ सालीं त्यांच्या मागें छापलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकांत त्यांनीं सांगितलें कीं सर्व धर्मपुस्तकांत कांहीं ना कांहीं सत्य आहे, पण सारें सत्य कोणत्याहि एकांत नाहीं. आणि एकाच घरांत बायकोनें बौद्ध धर्म, नवऱ्यानें ख्रिस्ती धर्म, मुलीनें इस्लाम व मुलानें सत्यधर्म स्वीकारला तरी त्यांनीं प्रेमानें नांदावें. केवढें हें मोठें घर!

पाद्र्यांचा एक उपकार मात्र आम्ही कधींहि विसरणार नाहीं. आपला ग्रंथ देवाचा आहे असें म्हणून त्यांनीं तो सोवळ्यांत बांधून ठेविला नाहीं. त्यांनीं तो कुणब्याच्या, महाराच्या, बायकांच्या हातीं बोलीभाषेंत दिला, आणि वाचा व पारखा म्हणून सांगितलें. वेद ईश्वराचा म्हणणाऱ्यांनीं शूद्राच्या कानीं तो पडूं दिला नाहीं. जो ग्रंथ परीक्षेला भितो, त्याच्या देवपणाविषयीं आधींच संशय घ्यावा.

परंतु ख्रिस्ती बंधूंसहि एक रोखठोक गोष्ट सांगणें आहे. ख्रिस्ती मंडळींतहि जातिभेद शिरला, हें डॉ. आंबेडकर स्पष्ट लिहून गेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचें भाकित खरें झालें हें दाखविण्यासाठीं जितका खटाटोप होतो, तितका ख्रिस्ताचें समतेचें वचन आपल्या देवळांत खरें करण्यासाठीं झाला, तर दुसऱ्या पुराव्याची गरज काय?

वाचकहो, पंचगंगेस जा कीं गिरजाघरांत जा, तो तुमचा तुम्हीं विचार करावा. मात्र जेथें जाल तेथें हे प्रश्न बरोबर न्या. आणि चौथा विसरूं नका: येथें मला माणूस म्हणून उभें राहतां येतें कीं नाहीं?