सिकलसेलचं कार्ड दिलं, पुढची तपासणी कुठे?

किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर आम्ही आरोग्याच्या कामासाठी फिरतो. सिकलसेलचा विषय निघाला की बोलणं दुखण्यावर कमी, सोयरिकीवर जास्त होतं. ‘पोरगी वाहक निघाली, आता तिला कोण करून घेईल?’ पोरगा वाहक निघाला तर हा प्रश्न आम्हाला ऐकू येत नाही, हेही नोंदवून ठेवू.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं लक्ष्य आहे. चांगलं आहे. पण तपासणी कोणती?

शिबिरात बहुतेकदा होते ती सोल्युबिलिटी चाचणी. थेंबभर रक्त टाकल्यावर नळीतलं द्रावण गढूळ झालं की पॉझिटिव्ह. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. तान्ह्या बाळात तर तिचा भरवसाच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, जिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दिसतात. तिथेही, नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून रिपोर्ट फसवू शकतो. अशा वेळी थेट जनुक बघावं लागतं. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. पीसीआरने तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो बदल पकडतात.

गर्भाची तपासणीही अशीच होते, अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक अंश घेऊन. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पण ही सोय मुंबई-नागपूरसारख्या शहरांत. ऊसतोडीच्या फडावरच्या बाईने त्या दोन आठवड्यांत तिथे पोचायचं कसं? म्हणजे शिक्का दारात येतो आणि निवड शहरात राहते.

वर ऐकून घ्यायचं, ‘हा तुमच्याच समाजाचा रोग.’ शिकलेली माणसं बोलतात हे! विदर्भात बौद्ध आणि आदिवासींमध्ये प्रमाण जास्त आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण हेच जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखांत ते टिकलं. जातीत साचलं ते जातीतल्या जातीत लग्नं लावल्यामुळे. जातीचा कणा म्हणजे ही सोयरिकीची बंदी, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ लाच कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. आंतरजातीय लग्नाने जनुक नाहीसं होत नाही, पण दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता घटते.

आमचं म्हणणं एवढंच. कार्डावरचा निकाल ज्याचा त्यालाच सांगा, गावासमोर वाचू नका. एचपीएलसीची सोय किनवटला द्या. गर्भाचा नमुना नांदेडच्या शासकीय मेडिकलमध्ये घ्या आणि लांबच्या लॅबला जायचंच असेल तर नमुन्याने जावं, बाईने नव्हे. रिपोर्ट आल्यावर काय करायचं, ते तिने ठरवावं. सासूने नाही आणि अभियानाच्या आकड्यांनीही नाही.